हृदय सुरू होणं आणि माणूस परत येणं

ताई, तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात परत मांडते. सासरे ६१ वर्षांचे, संध्याकाळी घरातच टीव्ही बघता बघता कोसळले, घोरल्यासारखा आवाज येत होता म्हणून सगळ्यांना वाटलं चक्कर आलीय, तोंडावर पाणी मारलं, कांदा हुंगवला, त्यात चार-पाच मिनिटं गेली. मग तुमच्या मिस्टरांनी कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये बघितलेलं आठवून छाती दाबायला सुरुवात केली, शेजाऱ्यांच्या गाडीतून नेलं, गाडीतही ते दाबतच होते. हॉस्पिटलमध्ये मॉनिटरवर व्हीएफ (हृदय नीट न आकुंचता नुसतं थरथरणं), पाच शॉक, ॲड्रेनलिन (हृदय सुरू करायला देतात ते इंजेक्शन), आणि पस्तीस मिनिटांनी हृदय सुरू झालं. नंतर नऊ दिवस व्हेंटिलेटरवर, शुद्ध आलीच नाही, दहाव्या दिवशी गेले. आता नातेवाइकांत कुणी म्हणतं शॉकनी मेंदू जळला, कुणी म्हणतं ॲड्रेनलिन दिलं तिथेच चुकलं, कुणी विचारतं परदेशात शरीर थंड करतात ते इथे का नाही केलं. आणि मिस्टर दोन बरगड्या मोडल्या म्हणून अजून स्वतःलाच दोष देतायत. तुम्ही विचारलंय की हृदय तर सुरू झालं होतं ना, मग माणूस का गेला, आणि इतकं संशोधन चालतं म्हणतात तर बदललंय तरी काय.

मी भूलतज्ज्ञ आहे, एकवीस वर्षं झाली, त्यातली निम्म्याहून जास्त आयसीयूत गेली. तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरच बोलतेय, केसपेपर मी पाहिलेले नाहीत हे लक्षात ठेवा. पण तुमच्या पहिल्याच प्रश्नात माझ्या क्षेत्रातल्या गेल्या वीस वर्षांची सगळी गोष्ट आलीय. हृदय सुरू होणं आणि माणूस परत येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि हे आम्हा डॉक्टरांनाच कळायला फार उशीर झाला.

मी रेसिडेंट होते तेव्हा वॉर्डात कोणाचं हृदय थांबलं की आम्ही धावायचो, दाबायचो, इंजेक्शनं द्यायचो आणि मॉनिटरवर नीट रेघ आली, मांडीत नाडी लागली की म्हणायचो पेशंट रिव्हाइव्ह झाला. रजिस्टरला तसंच लिहायचो. चार दिवसांनी त्याच पेशंटचं काय झालं हे बघायला त्या रात्रीच्या ड्यूटीवाल्यांपैकी कोणी जायचं नाही, मीही जात नव्हते. जगभरातलं संशोधनही बरीच वर्षं असंच मोजत होतं, औषध दिल्यावर किती जणांची नाडी परत आली एवढंच. किती जण घरी गेले, घरी जाऊन स्वतःच्या हाताने जेवले का, मुलांना ओळखलं का, हे मोठ्या प्रमाणावर आणि नीट मोजायला लागले ते गेल्या पंधरा-वीस वर्षांत. आणि मोजपट्टी बदलल्यावर आमच्या बऱ्याच लाडक्या उपायांचं खरं रूप दिसलं.

आधी शरीरात काय होतं ते सांगते कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकणं, त्यात माणूस बोलतो, घाम येतो, छाती धरतो. कार्डियाक अरेस्ट वेगळं, त्यात हृदयाची रक्त ढकलण्याची ताकदच जाते आणि माणूस काही सेकंदात खाली पडतो. अटॅकमधून अरेस्ट होऊ शकतो पण दोन्ही एक नाहीत. तुमच्या सासऱ्यांना जे व्हीएफ होतं त्यात हृदय शांत पडलेलं नसतं, त्याचा प्रत्येक तुकडा आपापल्या मर्जीने थरथरत असतो, त्यामुळे एकजुटीने आकुंचन होत नाही आणि रक्त पुढे जात नाही. आता हृदयाचा स्नायू तसा चिवट असतो, बराच वेळ रक्त नसलं तरी परत धडधडू शकतो. मेंदूचं तसं नाही. रक्त थांबल्यावर दहा-पंधरा सेकंदात शुद्ध जाते आणि चार-पाच मिनिटांनंतर पेशींचं कायमचं नुकसान सुरू होतं. म्हणजे पस्तीस मिनिटांनी हृदय परत आलं तरी तोवर मेंदूवर जे गुदरायचं ते गुदरलेलं असू शकतं, वर रक्त परत वाहायला लागल्यावर पुढचे काही तास-दिवस मेंदूला सूज येते, पेशी मरत राहतात, ती दुसरी इजा. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर खरं तर एवढंच आहे.

आणि तो घोरल्यासारखा आवाज. ताई, तो श्वास नव्हता. मेंदूच्या खालच्या भागात थोडा जीव शिल्लक असतो तो अधूनमधून असा आचका देतो, मिनिटाला पाच-सहा वेळा, कधी घोरणं, कधी मासा पाण्याबाहेर काढल्यासारखा तोंडाचा आ. अरेस्ट झालेल्या बऱ्याच जणांत पहिली काही मिनिटं हे दिसतं आणि जगभर सगळीकडे लोक फसतात, फोनवर ॲम्ब्युलन्स पाठवणारे ट्रेनिंग घेतलेले लोकसुद्धा फसतात. म्हणून आता आम्ही शिकवताना नाडी शोधायला सांगतच नाही सामान्य माणसाला. हाक मारून, खांदे हलवून उठत नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढं पुरे, दाबायला सुरू करा. चुकून धडधडत्या हृदयावर दाबलंत तर माणूस हात झटकेल, कण्हेल, तुम्ही थांबाल, फार काही बिघडत नाही. तुमच्या घरच्यांना त्या पाच मिनिटांचा दोष कोणी देऊ नये.

आता दाबण्याबद्दल. हे तंत्र फार जुनं नाहीये. १९५० च्या दशकापर्यंत हृदय थांबलं तर ऑपरेशन थिएटरमध्ये छाती उघडून हृदय हातात धरून दाबायचे, म्हणजे बाहेर कोसळलेल्या माणसाला काहीच आशा नव्हती. अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये कौवेनहोवेन नावाचे इलेक्ट्रिकल इंजिनियर शॉकच्या मशीनवर काम करत होते, त्यांच्यासोबतच्या निकरबॉकरच्या लक्षात आलं की कुत्र्याच्या छातीवर ती जड पॅडल्स नुसती दाबून धरली तरी रक्तदाबाची रेघ जरा वर उचलते. शॉक नाही, नुसतं दाबणं. त्यावरून जूड या सर्जनबरोबर त्यांनी १९६० मध्ये २० रुग्णांचा अनुभव छापला, त्यातले १४ वाचले होते, आणि लिहिलं की हे कुणीही, कुठेही करू शकतो, लागतात ते फक्त दोन हात. (ते बहुतेक रुग्ण हॉस्पिटलातले, भूल देताना वगैरे थांबलेले, म्हणून इतका मोठा आकडा, रस्त्यावरच्या अरेस्टला तो लावू नका.)

पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं सगळ्यांनी गृहीत धरलं की प्रशिक्षित लोक नीटच दाबतात. २००५ साली स्टॉकहोम, लंडन आणि नॉर्वेतल्या ॲम्ब्युलन्समध्ये डिफिब्रिलेटरला (शॉक देणाऱ्या मशीनला) सेन्सर लावून प्रत्यक्ष मोजलं तेव्हा दिसलं की रुग्णाची नाडी नसताना जवळजवळ अर्धा वेळ, ४८ टक्के, छातीवर कोणाचे हातच नव्हते. कोणी श्वासनलिकेत ट्यूब टाकतंय, कोणी नाडी बघतंय, कोणी इंजेक्शनसाठी शीर शोधतंय. आणि दाबण्याची खोली सरासरी साडेतीन सेंटीमीटरसुद्धा नाही. हे निगरगट्ट लोक नव्हते, ॲम्ब्युलन्सवरचे प्रशिक्षित कर्मचारी होते. आमच्याकडे मी पहिल्यांदा असा फीडबॅक देणारा मॉनिटर वापरला तेव्हा मला खात्री होती की माझी टीम सलग दाबते. नंतर रेकॉर्डिंग बघितलं, ट्यूब टाकताना बेचाळीस सेकंदांची पोकळी होती आणि ती ट्यूब मीच टाकत होते. तो आकडा मी विसरू शकत नाही.

पोकळी का वाईट तर असं बघा, हातांनी दाबून नेहमीच्या प्रवाहाच्या पाव ते एक-तृतीयांश रक्तच फिरतं. तेही पहिल्या दाबाला मिळत नाही, बरेच दाब सलग पडल्यावर हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांत पुरेसा दाब तयार होतो, आणि तुम्ही पाच सेकंद हात उचलला की तो धपकन खाली येतो, परत पहिल्यापासून चढाई. विहिरीवरच्या हातपंपासारखं आहे, दोन-चार हापसे मारून सोडून दिलं तर पाणी नळापर्यंत पोचायच्या आतच खाली उतरतं. म्हणून २००५ ला प्रमाण १५ दाब-२ श्वासावरून ३०-२ वर आलं, २०१० ला आधी श्वासनलिका बघण्याऐवजी आधी दाबा असा क्रम झाला, मग २०१५ पासून मिनिटाला १०० ते १२० आणि खोली ५ सेंटीमीटर, ६ च्या वर नको, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या असं नक्की झालं. हॉस्पिटलमध्ये आता आम्ही टीममध्ये एकाला फक्त घड्याळाकडे बघायला ठेवतो, दर दोन मिनिटांनी दाबणारा बदलतो कारण माणूस दमतो आणि त्याला स्वतःला कळत नाही की तो दमलाय. ट्यूबमधून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड बघतो, तो पाऱ्याच्या १० मिलिमीटरच्या खाली राहिला तर दाबणं कमी पडतंय, आणि एकदम वर उडाला तर हृदय बहुधा परत आलंय, नाडी शोधत बसायला थांबावं लागत नाही.

सामान्य माणसासाठी तर अजून सोपं केलंय. तोंडाला तोंड लावून श्वास देण्याच्या भीतीनेच लोक हात लावत नाहीत हे दिसल्यावर २००८ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने स्पष्ट सांगितलं की मोठं माणूस डोळ्यांदेखत कोसळलं तर नुसतं दाबा. आपल्याकडे भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये भारतासाठी वेगळ्या सूचना काढल्या, सामान्य लोकांसाठी फक्त दाबणं, मिनिटाला १२०, आणि लवकर हॉस्पिटलात हलवणं. (लहान मुलं आणि बुडालेली माणसं यांना मात्र श्वास लागतोच, तिथे मुळात ऑक्सिजन संपल्यामुळे हृदय थांबलेलं असतं.)

याचा परिणाम किती मोठा ते डेन्मार्कमध्ये दिसलं. त्यांनी २००५ पासून शाळेत हे शिकवणं सक्तीचं केलं, २००६ पासून ड्रायव्हिंग लायसन्स काढायचं तर आधी हा कोर्स. २००१ साली कोसळलेल्या माणसाला ॲम्ब्युलन्स येण्याआधी कुणीतरी दाबण्याचं प्रमाण २१ टक्के होतं, २०१० ला जवळपास ४५. आणि त्याच काळात तीस दिवस जगणाऱ्यांचं प्रमाण साडेतीन टक्क्यांवरून १०.८ टक्क्यांवर गेलं. तिप्पट. यात बाकी सुधारणांचाही वाटा आहे, तिथले संशोधकही तसंच म्हणतात, पण माझ्या आयुष्यात मी कुठल्या औषधाने तिप्पट झालेलं बघितलं नाहीये. २०२१ च्या युरो स्पर्धेत कोपनहेगनच्या मैदानात डेन्मार्कचा फुटबॉलपटू एरिक्सन कोसळला तो अनेकांनी टीव्हीवर बघितला असेल, लगेच दाबणं सुरू, एक शॉक, आणि मैदानावरच शुद्धीवर आला. नंतर त्याला छातीत बसवलेल्या यंत्रासकट परत खेळताना बघून मला बरं वाटलं.

इथे एक बाजूची गोष्ट सांगून घेते. बाई कोसळली तर लोक हात लावायला कचरतात. अमेरिकेतली आकडेवारी आहे, सार्वजनिक जागी पुरुषांपैकी ४५ टक्क्यांना आणि बायकांपैकी ३९ टक्क्यांना जवळच्या कुणीतरी दाबलं. आपल्याकडे काय असेल याची कल्पना करा. मी ट्रेनिंग घेते तेव्हा मुद्दाम पुतळ्याला साडी नेसवते, ओढणी घालते, आणि पुरुषांना सांगते की इथेच दाबायचंय, दोन्ही छातींच्या मधलं हाड, खालचा अर्धा भाग, लाजायचं नाही, तिच्या घरी मुलं वाट बघतायत.

आता शॉक. शॉकनी मेंदू जळत नाही. शॉक छातीतून जातो, मेंदूतून नाही, आणि व्हीएफवर शॉक हाच उपाय आहे, दुसरा नाही. उलट तो किती लवकर मिळतो यावर सगळं आहे. २००० साली अमेरिकेतल्या कॅसिनोंमधला अभ्यास आला होता, तिथल्या साध्या सुरक्षारक्षकांना एईडी (कुणालाही वापरता येईल असं शॉकचं छोटं मशीन) वापरायला शिकवलं होतं, कॅमेरे सगळीकडे असल्यामुळे माणूस कधी कोसळला हे सेकंदात कळायचं. व्हीएफवाल्या १०५ जणांपैकी ५३ टक्के घरी गेले, आणि तीन मिनिटांच्या आत शॉक मिळाला त्यांच्यातले ७४ टक्के. डॉक्टर नाही, आयसीयू नाही, गार्डने बटण दाबलं. वेळेचा हिशोब असा मांडतात की पहिली चारेक मिनिटं विजेची, तेव्हा शॉक सर्वात जास्त चालतो, मग दहाव्या मिनिटापर्यंत रक्तप्रवाहाची, तेव्हा आधी दाबून हृदयाला थोडं रक्त पोचवावं लागतं, आणि दहाच्या पुढे सगळ्या शरीराची रसायनंच बिघडलेली, तेव्हा काहीही केलं तरी यश अवघड. सासऱ्यांना पहिला शॉक मिळाला तो या तिसऱ्या काळात. हॉस्पिटलची चूक म्हणून नाही, अंतर म्हणून.

पाच शॉक लागले यावर मात्र थोडं थांबते कारण सध्या सगळ्यात जास्त हलचल इथे आहे. तीन शॉक देऊनही व्हीएफ जात नाही तेव्हा आम्ही वर्षानुवर्षं तिथेच, तसाच चौथा, पाचवा शॉक देत राहायचो. कॅनडात ऑन्टारियोमध्ये ॲम्ब्युलन्सवाल्यांनी अशाच ४०५ हट्टी व्हीएफवाल्यांवर तीन पद्धती तपासल्या, निकाल २०२२ मध्ये छापून आला. नेहमीच्या जागीच शॉक देत राहिलेल्यांतले १३.३ टक्के घरी गेले. शॉकच्या पॅडची जागा बदलून एक छातीवर पुढे आणि एक पाठीवर लावला त्यांच्यातले २१.७. आणि दोन डिफिब्रिलेटर लावून एकामागोमाग एक लगेच असे दोन शॉक दिले त्यांच्यातले ३०.४ टक्के. कारण बहुधा असं की हृदयाचा मागचा भाग नेहमीच्या पॅडच्या रेषेत नीट येत नाही, तिथे थरथर शिल्लक राहते आणि परत पसरते. कोव्हिडमुळे ट्रायल ठरल्यापेक्षा लवकर थांबवावी लागली, अमेरिकन सूचना याबाबत अजून सावध आहेत, आणि दोन मशीन आपल्याकडे कुठून आणणार हा प्रश्न आहेच. पण पॅड पाठीवर लावायला पैसे लागत नाहीत. मी माझ्या युनिटमध्ये तिसऱ्या शॉकनंतर पॅडची जागा बदलायचा नियम केलाय, माझं वैयक्तिक मत आहे की हे सगळीकडे व्हायला हवं. अडचण एवढीच की बऱ्याच छोट्या हॉस्पिटलांत चिकट पॅड नसतात, हातात धरायची पॅडल्स असतात, ती पाठीला लावता येत नाहीत.

ॲड्रेनलिनबद्दल नातेवाईक जे म्हणतायत त्यात अर्धं खरं आहे आणि अर्धं खरं जास्त त्रास देतं म्हणून नीट सांगते. इंग्लंड-वेल्समध्ये आठ हजारांवर रुग्णांवर ट्रायल झाली, निम्म्यांना ॲड्रेनलिन, निम्म्यांना साधं सलाइन, देणाऱ्यालाही माहीत नाही कुठलं कुठलं. २०१८ मध्ये निकाल आला. हॉस्पिटलला पोचायच्या आधी नाडी परत आली ॲड्रेनलिनवाल्यांत ३६ टक्के आणि सलाइनवाल्यांत १२. जुन्या मोजपट्टीने हा प्रचंड विजय! पण तीस दिवसांनी जिवंत किती, ३.२ आणि २.४ टक्के. आणि मेंदू बऱ्यापैकी शाबूत ठेवून घरी गेलेले २.२ आणि १.९, म्हणजे नक्की फरक आहे असं म्हणता येत नाही इतकं जवळ. वाचलेल्यांमध्ये गंभीर अपंगत्व मात्र ॲड्रेनलिनवाल्यांत ३१ टक्के, दुसऱ्यांत १८. ते वाचलं त्या दिवशी मी रात्री झोपू शकले नाही, कारण मी हजारो ॲम्प्यूल्स फोडल्या असतील.

पण याचा अर्थ ॲड्रेनलिनने मेंदू खराब केला असा काढू नका. त्या ट्रायलमध्ये पहिला डोस फोननंतर साधारण २१ मिनिटांनी पोचला होता. तोवर मेंदूला जे व्हायचं ते झालेलं होतं, ॲड्रेनलिनने हृदय ओढून आणलं, मेंदू आणणं त्याच्या हातात नव्हतं. सूचनांमध्ये ॲड्रेनलिन अजून आहे, मी अजून देते, हृदय परत आल्याशिवाय मेंदूला संधीच नाही. व्हीएफमध्ये शॉक आधी, ॲड्रेनलिन नंतर, आणि व्हीएफ नसून सरळ रेघ, म्हणजे हृदय पूर्ण शांत असेल तर जितकं लवकर तितकं बरं. सासऱ्यांना दिलं ते बरोबरच दिलं.

असं अजून बऱ्याच औषधांचं झालं. व्हॅसोप्रेसिन आणि स्टेरॉइड एकत्र दिलं तर नाडी जास्त जणांची आली, जगले मात्र जास्त नाहीत. कॅल्शियमची डॅनिश ट्रायल २०२१ मध्ये मधेच थांबवली कारण फायदा सोडा, तोटा होतोय असं दिसायला लागलं. पट्ट्याने किंवा पिस्टनने छाती दाबणारी मशीन मोठ्या ट्रायल्समध्ये चांगल्या हातांपेक्षा सरस ठरली नाहीत, चालत्या ॲम्ब्युलन्समध्ये किंवा कॅथलॅबमध्ये (अँजिओग्राफी करतात त्या खोलीत) सोयीची आहेत एवढंच.

थंड करण्याचा प्रश्न. २००२ मध्ये एकाच महिन्यात दोन अभ्यास आले, एक युरोपातला, एक मेलबर्नचा, शरीर ३२-३४ अंशांवर आणून १२ ते २४ तास ठेवलं तर मेंदू चांगला राहिलेले जास्त, युरोपात ५५ विरुद्ध ३९ टक्के. सगळं जग थंड करायला लागलं. आम्हीही केलं, साधनं नव्हती तर बर्फाच्या पिशव्या काखेत, जांघेत, फ्रीजमधलं थंड सलाइन, रात्रभर सिस्टर आणि मी थर्मामीटर घेऊन. मग २०१३ मध्ये मोठी ट्रायल आली, ३३ आणि ३६ अंशांत फरक नाही. २०२१ मध्ये त्याहून मोठी, १९०० जणांची, ३३ अंश विरुद्ध थंड न करता फक्त ताप येऊ न देणं, सहा महिन्यांत मृत्यू ५० आणि ४८ टक्के. उलट थंड केलेल्यांत हृदयाची लय जास्त बिघडली. जुन्या अभ्यासात बहुधा असं झालं होतं की थंड न केलेल्या गटात बऱ्याच जणांना ताप चढला होता, आणि ताप जखमी मेंदूला वाईट. म्हणजे थंडीचा फायदा नसून ताप टाळल्याचा असावा. काही उपगटांबद्दल वाद अजून चालू आहे, पण तुमच्या सासऱ्यांना बर्फात ठेवलं नाही म्हणून ते गेले असं म्हणायला आज आधार नाही. ताप ३७.७ च्या वर जाऊ दिला नाही का, हे विचारा हवं तर.

एक्मोचंही विचारतील कुणी. अमेरिकेत मिनियापोलिसमध्ये हट्टी व्हीएफवाल्यांना सरळ कॅथलॅबमध्ये नेऊन एक्मोवर, म्हणजे कृत्रिम हृदय-फुफ्फुसाच्या मशीनवर घातलं, २०२० चा निकाल, १४ पैकी ६ वाचले, नेहमीच्या उपचारात १५ पैकी १. फक्त तीसेक माणसांची ट्रायल, फरक बघून लवकर थांबवली. पण नेदरलँड्समध्ये दहा वेगवेगळ्या केंद्रांत तेच केलं तर २०२३ ला २० आणि १६ टक्के, म्हणावा असा फरक नाही. एकच कसलेली टीम, चोवीस तास तयार, तेव्हा जमतं. आपल्याकडे काही मोठ्या शहरांतल्या मोजक्या ठिकाणी शक्य आहे, तिथेही लागतं आधी कुणीतरी सलग छाती दाबलेली.

नऊ दिवसांबद्दल. तुम्ही लिहिलंय डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी आशा नाही असं सांगितलं आणि मग नातेवाइकांत दोन तट पडले. हे मला नको वाटतं, आणि हे बरेच ठिकाणी होतं. आता जे ठरलंय ते असं की किमान ७२ तास थांबायचं, झोपेची औषधं उतरलेली असली पाहिजेत, आणि एकाच चाचणीवर बोलायचं नाही. बाहुल्या प्रकाशाला आकसतात का, ईईजी म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, मनगटाच्या नसेला उत्तेजन दिल्यावर मेंदूपर्यंत संदेश पोचतो का, रक्तातलं एनएसई (मेंदूच्या पेशी मेल्या की वाढणारं प्रथिन), एमआरआय, यातल्या किमान दोन गोष्टी एकाच दिशेला बोलत असतील तरच वाईट बातमी द्यायची, नाहीतर परत थांबून बघायचं. लवकर हात सोडल्यामुळे जे कदाचित उठले असते असे काही जण आपण गमावले असणार, ही आमच्या क्षेत्राची खरी जखम आहे. मी स्वतः एका बाईला अकराव्या दिवशी डोळे उघडून नवऱ्याचा हात दाबताना बघितलंय, तिसऱ्या दिवशी मी त्यांना जवळजवळ नाही म्हणून बसले होते. सासऱ्यांना नऊ दिवस दिले ते योग्य केलं, ज्यांनी थांबा म्हटलं ते बरोबर होते, आणि शेवटी जे झालं ते थांबल्यामुळे झालं नाही.

आता तुमच्या मिस्टरांबद्दल, हे त्यांना वाचून दाखवा. साठीच्या माणसाची छाती पाच सेंटीमीटर खाली गेली तर बरगड्या मोडतात. मी दाबते तेव्हाही मोडतात, तो आवाज हाताला कळतो, आणि मी थांबत नाही. मोडलेली बरगडी दीड महिन्यात जुळते. न मोडता वरवर दाबणारे मी जास्त बघितलेत आणि त्यांना मी ओरडते.

आणि दुसरं, जे तुम्ही सहज लिहून गेलात पण मला त्यावरच थांबावंसं वाटलं. हॉस्पिटलला पोचल्यावर पहिली लय व्हीएफ होती. व्हीएफ असंच टिकत नाही. हृदयाला रक्त नाही मिळालं तर ती थरथर मिनिटामिनिटाने बारीक होत जाते आणि शेवटी सरळ रेघ, मग शॉक देण्यासारखं काही उरत नाही. घरातली पाच मिनिटं, जिन्यावरून उतरवणं, गाडीतली वीसेक मिनिटं, एवढं होऊनही मॉनिटरवर व्हीएफ दिसलं, ते त्या मागच्या सीटवर वाकून दाबणाऱ्या हातांमुळेच टिकलं असण्याची शक्यता फार मोठी आहे. पाच शॉक देता आले, हृदय परत आलं, लेकीला पुण्याहून येऊन नऊ दिवस बाबांचा गरम हात धरून बसता आलं. त्यांनी काही चुकवलेलं नाही. चालत्या गाडीत मागच्या सीटवर दाबणं किती अवघड असतं हे मला माहीत आहे, मी एकदा केलंय, पाच मिनिटांत खांदे गेले होते माझे.